पेटीवरचा गोल

माझ्या पेटीच्या पुढच्या फळीवर पेन्सिलीनं एक गोल काढलेला होता. गोल नीट आला होता, कारण तो आईच्या स्टीलच्या ताटलीभोवती पेन्सिल फिरवून काढला होता. ताटली तिथंच जमिनीवर होती. तिच्याशेजारी वर्तमानपत्रावर एक गिरमिट आणि बारीक पात्याची आरी, आणि त्यापलीकडे माझ्या खुर्चीवर बसून मंडप-स्पीकरवाले काकासाहेब बशीतून चहा पीत होते.

१९९७ सालच्या एप्रिलची बारा तारीख होती, शनिवार. कॉलेजात बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या आणि सकाळपासून मी मुलांच्या पदार्थविज्ञानाच्या वह्या तपासून आले होते. पेटी मी रविवारी जोडणार होते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"आलीस ताई?" माझा धाकटा भाऊ सम्राट म्हणाला. तो पुण्यात नोकरीला असतो आणि भीमजयंतीसाठी सकाळच्या एस.टी.नं संगमनेरला आला होता. "तुला सरप्राइज द्यायचं होतं. सगळं जोडून झालंय. फक्त एक छोटा प्रॉब्लेम आहे, तो काकासाहेब काढतायत."

"कसला प्रॉब्लेम?"

"तुमच्या भैनीनं डबा गच्च बंद केलाय बगा," काकासाहेब म्हणाले. प्रश्न मी विचारला होता, उत्तर त्यांनी सम्राटला दिलं. "आवाज निगंल कुटून? भोंग्याला तोंड आसतंय, मान्साला तोंड आसतंय. याला तोंड हाय का? एक भोक पाडतो, झालं काम."

मी पर्स खुंटीला अडकवली आणि पेटीवरून हात फिरवला. अजून कापलेली नव्हती. स्पीकरच्या खाली, गोलाच्या मधोमध गिरमिटानं नुसती खूण केली होती.

ही पेटी म्हणजे सबवूफर. गाण्यातला अगदी खालचा, जाड आवाज वेगळा काढून वाजवणारा मोठा स्पीकर. स्पीकर मी पुण्याहून आणला होता. तो सेकंदाला किती कंपनांना सर्वांत जास्त हलतो, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोजून घेतलं होतं आणि त्यावरून पेटीत किती हवा असली पाहिजे याचं गणित केलं होतं. चाळीस लिटर. स्पीकरच्या लोहचुंबकानं व्यापलेली जागा वजा करून चाळीस. प्लायवूड सुतारानं कापून दिलं, पण सांधे मी स्वतः बुजवले, सरस आणि लाकडाचा भुसा कालवून, कारण अशा पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी काम करते. कुठं बारीकशी फट राहिली तरी स्प्रिंग सैल होते. आणि हे गृहस्थ ताटलीएवढं भोक पाडायला निघाले होते.

तीन महिने मी हे सगळं केलं ते अण्णांसाठी.

अण्णा, म्हणजे आमचे वडील रंभाजी, एकतीस वर्षं साखर कारखान्यात होते, ऊस चिरडणाऱ्या यंत्रांच्या शेजारी. निवृत्त झाले तेव्हा कानाच्या डॉक्टरांनी काढलेला त्यांचा आलेख माझ्याकडे आहे. डावीकडे, जिथं खालचे आवाज असतात, तिथं तो ठीक आहे. उजवीकडे तो कोसळतो. त्यामुळे अण्णांना कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, पण अकोले नाक्यावर वळणारा ट्रक त्यांना आमच्याआधी कळतो. माणसांचं बोलणं त्यांना लांबून आल्यासारखं येतं, त्यातले स, श, त, क गळून पडलेले. कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं तर समजतं.

तरुणपणी अण्णा गायन पार्टीत डग्गा-तबला वाजवायचे. १९७३ साली अकोल्यात जयंतीच्या कार्यक्रमात कुणीतरी त्यांच्या पार्टीचं रेकॉर्डिंग केलं होतं. गेल्या वर्षी त्याची कॅसेट आमच्यापर्यंत पोचली. आम्ही ती छोट्या टेपवर लावली. आम्हाला गायकाचा आवाज ऐकू आला, हार्मोनियम ऐकू आली, टाळ्या ऐकू आल्या. अण्णा टेपला कान लावून बसले. बराच वेळ बसले. मग म्हणाले, "डग्गा कुटं गेला? मी त्या दिवशी वाजवलाच न्हाई का काय?"

छोट्या स्पीकरमधून डग्गा निघतच नव्हता. अण्णांना जे ऐकू येऊ शकत होतं, नेमकं तेवढंच त्या टेपला वाजवता येत नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती. पण अण्णा नंतर दोन-तीनदा आईला म्हणाले, "कला, त्या दिवशी मी हुतो ना गं अकोल्याला?"

म्हणून ही पेटी.

"काकासाहेब," मी म्हटलं, "आधी मला वाजवून दाखवा."

त्यांनी सम्राटकडे बघितलं. सम्राटनं मान हलवली. मग त्यांनी वाजवून दाखवलं. नुसते दोन छोटे स्पीकर लावले, ते ठीक वाजले. नुसती पेटी लावली, तीही घुमली. तिन्ही एकदम लावले, तर जाड आवाज वाढायच्या ऐवजी उलट कमी झाला. गाणं पातळ झालं.

"बगितलं? येकटा घुमतो, संगट मरतो. डब्यात हवा कोंडती."

निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक. सकाळपासून अशा बावीस वह्या मी तपासल्या होत्या.

मी पेटीमागे वाकून बघितलं. ॲम्प्लिफायरपासून पेटीपर्यंत त्यांनी मंडपातली पिळाची पिवळी वायर टाकली होती. तिचे दोन्ही पदर पिवळेच. त्यावर खूण नाही, गाठ नाही. मी लाल आणि काळी अशी वायर आणून कपाटात ठेवली होती, ती तशीच गुंडाळीत होती.

"प्लसला प्लस जोडलंय का?" मी विचारलं.

काकासाहेब हसले. "सम्राटभाऊ, आवाजाला कसलं आलं प्लस-मायनस? ती काय बॅटरी हाय? मी वीस वर्सं भोंगे जोडतोय. हाताला यील तो पदर खुपसायचा. आजवर येक बी भोंगा मुका न्हाई ऱ्हायला."

ते खोटं बोलत नव्हते. एक भोंगा कडुलिंबावर, दुसरा शंभर पावलांवर शाळेच्या छपरावर. तिथं पदर उलटे गेले काय, सुलटे गेले काय, कुणालाही फरक कळणार नाही. लग्नमंडपातली ती सवय त्यांनी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आणली होती. इथं तिन्ही स्पीकर एकमेकांपासून हातभर अंतरावर होते.

"स्पीकरचा पडदा पुढे-मागे होतो," मी म्हटलं. "छोट्यांचे पुढे येताना मोठ्याचा मागे जात असेल, तर एक हवा ढकलतो आणि दुसरा ओढून घेतो. म्हणून आवाज कमी होतो. भोकानं काही होणार नाही. वायर उलटी करून बघा."

"सम्राटभाऊ, तुमच्यात शिक्षान लई वाढलं, चांगली गोष्ट हाय," काकासाहेब बशी खाली ठेवत म्हणाले. "पन पुस्तक येगळं आन् वायर येगळी."

"एकदा बघायला काय हरकत आहे?"

"भाऊ, मला पाच वाजता गाडी भरायला जायचंय. परवाच्या मिरवणुकीचे आठ डबे हायेत. सांगा, पाडू का ऱ्हाऊ दिऊ?"

"ताई, त्यांचा रोजचा धंदा आहे गं," सम्राट म्हणाला. "तुझी थिअरी ठीक आहे, पण प्रॅक्टिकल वेगळं असतं."

दिवसभर प्रॅक्टिकलच घेऊन आले होते मी. त्याला तेही माहीत होतं.

मी चार वेळा काकासाहेबांशी बोलले होते आणि चारही उत्तरं सम्राटला मिळाली होती. सम्राट वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. घरातला फ्यूज गेला तर तो मला हाक मारतो.

काकासाहेबांनी गिरमिट उचललं. तेव्हा मी पेटीवर जाऊन बसले.

मी अशी बाई नाही. कॉलेजात मुलं म्हणतात, मॅडमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत येत नाही. पण मी साडी सावरून पेटीवर बसले, पाय जमिनीला टेकवले आणि मांडीवर हात ठेवले.

"आता पाडा भोक."

"आगं ये, उठ," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "पाव्हन्याम्होरं काय बसतीस अशी? पाटराणी हाय का तू?"

"आई, मी उठले तर हे पेटी कापतील."

"मंग काय करनार? रातभर बसनार?"

"नाही. भिंतीवरचं घड्याळ काढून दे."

आईनं घड्याळ काढून दिलं. मी त्यातला सेल काढला. काटे चार बावन्नवर थांबले. ॲम्प्लिफायरला लावलेल्या पेटीच्या आणि एका छोट्या स्पीकरच्या वायरी सम्राटला सोडायला लावल्या, कुठला पदर लाल बटणात होता ते विचारलं, आणि त्या छोट्या स्पीकरची जाळी काढायला सांगितली. मग सगळ्यांना खाली वाकून बघायला लावलं. अशा वेळी मला कुणालाही वाकायला सांगता येतं. रोजची सवय आहे.

लाल बटणातला पदर सेलच्या टोपीला, दुसरा सेलच्या बुडाला. छोट्या स्पीकरचा पडदा टक् करून पुढे आला. मग तसंच पेटीच्या वायरीला केलं. मी उठले आणि मोठ्या पडद्याकडे बोट दाखवलं. तो टक् करून आत गेला.

"पुन्हा बघा." एक पुढे, एक आत. "पुन्हा."

"हाललं जरासं," काकासाहेब म्हणाले. "त्यात काय यवडं?"

आई मात्र कमरेवर हात ठेवून बघत होती. "म्हंजी जात्यावर दोघी बसल्या," ती म्हणाली, "आन् येक हिकडं वडती, दुसरी तिकडं वडती. मंग पीठ काय पडनार, कपाळ?"

माझी आई कलाबाई चौथी पास आहे. एका वाक्यात तिला कळलं.

मी पदर उलटे केले, बटणं आवळली, कॅसेट लावली. सुरुवातीला हार्मोनियमचे सूर, गायकाची लांब तान. मग डग्गा आला. तो कानाआधी पायाला कळला. फडताळातल्या ताटल्या एकमेकींवर किणकिणल्या. कुणीतरी तळहातानं डग्ग्याचा पुडा दाबून घुमवत होतं, आणि तो घुमारा खोलीभर फिरून भिंतीला टेकत होता. चोवीस वर्षांपूर्वीचा हात, माझ्याच बापाचा.

आम्ही चौघं उभे होतो. मी काकासाहेबांकडे बघितलं. खरं सांगते, मला त्यांना हरवायचं नव्हतं. एवढंच हवं होतं, की त्यांनी माझ्याकडे बघून 'बरोबर' म्हणावं.

"बगा," काकासाहेब सम्राटला म्हणाले, "मी मनात म्हनतच हुतो. स्पीकर नवा हाय. नवा स्पीकर गरम व्हाया टाईम घेतो. झाला गरम."

"असेल, असेल," सम्राट म्हणाला. "नवीन गाडीचंही तसंच असतं."

तीन महिने, चाळीस लिटर, सेल, दोन पडदे, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर. आणि स्पीकर गरम झाला. मी चूक ठरले असते तर ती माझी चूक असती. बरोबर ठरले तर स्पीकर गरम झाला होता.

तेवढ्यात ओट्यावरून अण्णा आत आले. त्यांना कुणी हाक मारली नव्हती. मारली असती तरी ऐकू गेली नसती. दाराच्या चौकटीला हात लावून ते उभे राहिले. चौकट थरथरत होती, तिच्यावर त्यांनी तळहात पसरला होता.

मी टेप बंद केला.

"काकासाहेब," मी म्हटलं, "तुमचा स्पीकर आता गरम आहे ना?"

"हाय की."

"मग तो गरम असेपर्यंत दहा वेळा बघू. वायर तुम्हीच बदलायची. मी हातसुद्धा लावणार नाही."

"मला उशीर हुतोय—"

"भोक पाडायला वेळ होता."

आई हसली. तोंडावर पदर धरला, पण हसली. काकासाहेब बसले.

अण्णांची खुर्ची मी भिंतीकडे तोंड करून ठेवली, पाठ स्पीकरकडे. वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'डग्गा ऐकू आला की हात वर करा.' अण्णांनी ते सावकाश वाचलं आणि मान हलवली. सम्राटनं नाणं उडवायचं. छापा पडला तर वायर सुलटी, काटा पडला तर उलटी. बोलायचं नाही, नाणं फक्त काकासाहेबांना दाखवायचं. दर वेळी आवाज बंद, वायर जोडायची, आवाज चालू. सम्राटनं नाणं काय पडलं ते आपल्या कागदावर लिहायचं, मी अण्णांनी काय केलं ते माझ्या कागदावर.

पहिल्यांदा टेप सुरू झाला. अण्णा बसून राहिले. हात मांडीवर पालथे. काहीच नाही. मी लिहिलं: नाही.

दुसऱ्यांदा अण्णांनी हात वर केला नाही. त्यांचा डावा हात मांडीवरच हलला. बोटं उठली, मनगटाची टाच मांडीवर रुतली आणि पुढे सरकली. डग्गा डाव्या हातानं वाजवतात. कॅसेटमधला तरुण आणि खुर्चीतला म्हातारा एकाच वेळी वाजवत होते, आणि तालाची एकही मात्रा इकडेतिकडे होत नव्हती. मी लिहिलं: आहे.

तिसऱ्यांदा हात चालला. चौथ्यांदा थांबला. सुरू होता होता तोडल्यासारखा थांबला, आणि अण्णांनी भिंतीकडे बघतच डोकं जरा कलतं केलं. पाचव्यांदा थांबलेलाच. सहाव्यांदा पुन्हा चालला. काकासाहेब आधी पटापट वायरी खुपसत होते, नंतर सावकाश जोडायला लागले. आठव्या वेळेला त्यांनी जोडून झाल्यावर मान वर करून अण्णांच्या हाताकडे बघितलं. नवव्या वेळेला टेप सुरू करण्याआधी त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

दहा झाल्यावर मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. दहापैकी दहा जुळले. अंदाजानं असं व्हायची शक्यता हजारात एक. हे मी बोलले नाही. कागदच सम्राटच्या हातात दिले.

सम्राटनं ते वाचून काकासाहेबांपुढे धरले. मग काकासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "वा! अण्णांचा कान म्हंजी कान हाय! लई पक्का!"

"शेवटी कलाकार माणूस," सम्राट म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, खरंच भरून आले होते. म्हणून मला आणखीनच राग आला.

अण्णा खुर्ची फिरवून आमच्याकडे बघत होते. "काय म्हनत्यात रं ही?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी गेले. "म्हणतात, तुमचा कान पक्का आहे."

अण्णा हसले. "कान कसला पक्का? ह्यो बहिरा झालाय कवाच." त्यांनी पेटीकडे हात केला. "पक्की ती हाय. पोरीनं क्येलीया." मग त्यांचं लक्ष फळीवर गेलं. "आन् ह्यो गोल कसला काडलाय?"

कुणी उत्तर दिलं नाही. अण्णांना वाटलं असेल, आपल्यालाच ऐकू आलं नाही.

काकासाहेब सामान गोळा करायला लागले. गिरमिट पिशवीत टाकलं, पिवळी वायर सोडून कोपराभोवती गुंडाळली. गुंडाळता गुंडाळता त्यांचे हात मंद झाले. "सम्राटभाऊ," ते म्हणाले, "परवाच्या गाडीवर आठ डबे हायेत, आठी शेजारी शेजारी. गेल्या साली बी डबे वाडवले आन् आवाज काय वाडंना. मी म्हनलं, मशीन कमी पडती. तर उद्या जरा ताईंना गाडीकडं पाठवता का? त्यो सेल घिऊन?"

मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते.

सम्राटनं तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

"मला विचारा," मी म्हटलं.

काकासाहेबांनी वायरीचं वेटोळं पिशवीत ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं, पुन्हा ठेवलं. "विचारतोच हाय की."

"सम्राटला विचारताय. सेल त्याच्याकडे नाही."

त्यांनी जमिनीवरची ताटली उचलून बाजूला ठेवली. मग त्यांनी मान वर केली. दीड तासात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई," ते म्हणाले, "उद्या याल का?"

"दहा वाजता येईन. आठही डब्यांच्या वायरींना लाल दोरा बांधून ठेवा, एकेका पदराला. आणि आरी इथंच राहू द्या. उद्या डबे वाजले की घेऊन जा."

"आवो, आरी कशाला? आरीचं काय काम?"

"तेच मी मघाशी विचारत होते."

आई पुन्हा पदराआड गेली. काकासाहेब आरी ठेवून गेले. जाताना दारात थांबून अण्णांना हात जोडून जय भीम म्हणाले. पायरी उतरताना मागे वळून माझ्याकडे बघितलं.

मी कपाटातली लाल-काळी वायर काढली आणि पेटी जशी जोडायची होती तशी जोडली. सेल घड्याळात घातला, माझ्या मनगटावरचं बघून काटे लावले. मग खोडरबर आणून सम्राटच्या हातात दिला.

"हे काय?"

"गोल पूस."

"मी नाही काढला तो. त्यांनी काढला."

"ताटली कुणी आणून दिली होती?"

तो पेटीपुढे मांडी घालून बसला आणि पुसायला लागला. अण्णांनी हातानं खूण केली तसा मी टेप पुन्हा पहिल्यापासून लावला. सम्राट पुसत होता तेव्हा पेटी त्याच्या हाताखाली हलत होती. त्यानं एकदा हात उचलला, बघितलं, आणि परत टेकवला. लाकडात रुतलेली रेघ पूर्ण गेली नाही. खिडकीतून तिरपं ऊन आलं की ती अजून दिसते.

"वाजवला हुता," अण्णा आईला म्हणाले. त्यांना वाटतं ते हळू बोलतायत, पण सगळ्या गल्लीला ऐकू जातं. "कला, मी वाजवला हुता त्या दिवशी."